येते गं, म्हणून तरी जा

पहाटे पावणेसहाला तुझा मेसेज. 'ताई, परत पडलं.' सलग चौथा दिवस. मी तेव्हा ओट्याशी उभी, एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात फोन. दूध उतू गेलं ते तुझ्यापायी, एवढं आधी सांगून ठेवते. बाकी राग नाही.

आता जरा बस. चहा घे. लोहाऱ्यात आत्ता छान गारवा असेल, दारव्हा रोडवरच्या गाड्यांचा आवाजही सुरू झाला नसेल. तू मात्र अंगणात लॅपटॉप मांडीवर घेऊन डोळे लाल करून बसली असशील, आणि आई आतून विचारत असेल, 'काहून बाप्पा, रात्रभर काय करून राहिली?' मला सगळं दिसतं. मीही त्याच एमआयडीसीतल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, त्याच रस्त्याने स्कूटी दामटली. पुण्यात राहून माझ्या 'वं'चं 'गं' झालं, बाकी मी तीच आहे.

खरं सांगू का, तुझ्या मेसेजमधली एकच गोष्ट मला खटकली. 'मला हे जमणार नाही बहुतेक' हे वाक्य. बाई, जे तुला जमत नाही असं तू म्हणतेस त्याचं अर्धं उत्तर तू स्वतःच पाठवलंस. सर्व्हर रात्री बाराला रीस्टार्ट होतो आणि पावणेसहाच्या सुमारास पडतो, रोज. जिनिंगच्या गोदामातले तुझे तीन डबे दर मिनिटाला नवं कनेक्शन उघडून एकेक तापमान पाठवतात. मांड हिशोब. मिनिटाला तीन, तासाला एकशे ऐंशी. एका प्रोग्रामला एका वेळी किती फाइली, किती सॉकेट उघडे ठेवता येतात, त्याची लिनक्सवरची नेहमीची मर्यादा 1024. 1024 ला 180 ने भाग. पाच तास एक्केचाळीस मिनिटं. तुझा सर्व्हर आजारी नाही गं, तो घड्याळ लावून मरतोय. म्हणजे एकूण एक कनेक्शन उघडं राहतंय. मधूनच एखादं राहिलं असतं तर शोधायला महिना गेला असता. हे नशीबच म्हण.

आणि रोज बाराला रीस्टार्ट लावून दिलास, ते मी वाचलं, हसले, आणि गप्प बसले, कारण मीही तेच केलं होतं. गळणाऱ्या नळाखाली बादली ठेवायची आणि बादली भरली की उठून ओतायची. चालतं. पण झोप लागत नाही.

हे बघ, आपल्याकडे बाई हळदीकुंकवाहून निघते तेव्हा काय करते? उठते, 'येते हं' म्हणते. 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणते. घरची बाई म्हणते, 'हो, ये गं, सावकाश जा.' मग चपला, मग उंबरा, मग फाटकाशी आणखी पंधरा मिनिटं, ते सोड. पण दोन्हीकडून बोलणं झालं की मगच दार लागतं. कोणी न बोलता अचानक दिसेनासं झालं तर आपण काय समजतो? रुसून गेली, की भोवळ येऊन मोरीत पडली? शोधायला निघतो आपण.

सुरक्षित कनेक्शनचंही असंच असतं, फक्त त्यात दोन दारं असतात. बाहेरचं फाटक टीसीपीचं. आतलं दार टीएलएसचं, कुलूपवालं. निघताना आधी आतल्या दाराशी 'येते' म्हणायचं. त्या निरोपाचं नाव क्लोज नोटिफाय. तो कुलूपबंद पाकिटातून जातो, त्यामुळे तिऱ्हाइताला त्याची नक्कल करता येत नाही. मग बाहेरच्या फाटकाशी टीसीपीचा निरोप, त्याला फिन म्हणतात. हा उघड्यावर असतो. वाटेतला कोणीही खोटा फिन घालू शकतो. आतला निरोप न देता नुसतं फाटक वाजलं तर समोरच्याला कळायला मार्ग नाही, की पाहुणी स्वतःहून गेली की तिला कोणी मध्येच ओढून नेलं.

तुला वाटेल, एवढं काय त्यात. वाटलं होतं हे नियम बांधणाऱ्यांनाही. टीएलएसचा पूर्वज एसएसएल. 1995 च्या एसएसएल 2 मध्ये असा निरोपच नव्हता. कोणीही मध्ये बसून संभाषण हवं तिथे तोडायचं आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, संपलं बुवा. 1996 च्या एसएसएल 3 मध्ये हा निरोप आला तो त्यासाठीच. तरी 2013 मध्ये स्मिथ आणि पिरोन्ती या फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की नावाजलेल्या वेबसाइटींवरसुद्धा माणसाला 'तुम्ही बाहेर पडलात' असं दिसत राहतं आणि सर्व्हरकडे त्याचं खातं उघडंच असतं. लॉगआउटची विनंती वाटेतच कापली की झालं. सायबर कॅफेत पुढच्या खुर्चीवर कोण बसणार, ते तू ओळख.

तुझ्या डब्यांचं म्हणशील, तर एकाच पाकिटातला मजकूर अर्धा कापून कोणाला फसवता येत नाही. मोहोर जुळत नाही, पाकीट फेकलं जातं. पण चार पाकिटं पाठवली आणि शेवटचं वाटेत गळलं, तर पहिली तीन अगदी खरी, सहीशिक्क्याची, आणि चौथं कधी होतं हेच कळत नाही. कापसाच्या गंजीचं तापमान पाठवतेस तू. चौथ्या पाकिटात काय असू शकतं, ते मी लिहीत नाही.

आता तुझा मूळ प्रश्न. 'मी तर एक ओळही बदलली नाही, मग अचानक का?' कोडची ओळ नाही बदललीस, पण घर बदललंस ना. गेल्या रविवारी उबुंटू 20.04 वरून 22.04 वर गेलीस, तूच सांगितलंस, मोठ्या कौतुकाने. त्या बदलात खालची टीएलएसची लायब्ररी, ओपनएसएसएल, 1.1.1 वरून 3.0 वर गेली. आणि तिथेच गोम आहे. पाहुणी न सांगता गेली, तर जुनं ओपनएसएसएल काय म्हणायचं? 'सिस्टीमची चूक, पण चुकीचा नंबर शून्य.' म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. तुझ्या आधीच्या मुलाने लिहिलेल्या कोडमध्ये 'नंबर शून्य असेल तर संपलं समजा आणि सॉकेट बंद करा' अशी पळवाट होती. नवं ओपनएसएसएल स्पष्टवक्तं आहे, आपल्या मोठ्या आत्याबाईंसारखं. ते म्हणतं, 'वाचता वाचता अनपेक्षित शेवट झाला, ही टीएलएसचीच चूक.' झालं, आता तुझा कोड पळवाटेने न जाता चुकीच्या फांदीवर जातो. त्या फांदीवर एक ओळ लॉगची आहे आणि एक एसएसएल फ्री ची. बस. सॉकेट बंद करायची ओळच नाही.

इथे माझ्यासारखी शहाणी फसते. एसएसएल फ्री म्हटलं की वाटतं, सगळं आवरलं. नाही गं. सॉकेटचा नंबर तू एसएसएल सेट एफडी ने आत दिला असशील, तर तो सॉकेट तुझा, आवरायची जबाबदारीही तुझी. एसएसएल फ्री फक्त आपली भांडी घासून ठेवतं, ओटा पुसत नाही.

आणि डबे? ते तर जन्मापासूनच न सांगता जातायत. एवढे दिवस कोणी टोकलं नाही, एवढंच.

नेटवर शोधलंस की पहिल्या पाच मिनिटांत तुला एक बटण सापडेल. 'अनपेक्षित शेवट दुर्लक्षित करा' अशा अर्थाचा एक पर्याय ओपनएसएसएल 3 मध्ये दिलेला आहे. तो लावलास की उद्या पहाटे सर्व्हर पडणार नाही. साहेब खूश, तू खूश. लावू नकोस. म्हणजे, अगदी आजच जिनिंगवाल्यांचा फोन येणार असेल तर दोन दिवस लाव, मी ओरडणार नाही, पण कॅलेंडरवर तारीख लिहून लाव. मजकुरातच त्याची लांबी लिहिलेली असते तिथे तो पर्याय चालून जातो, कारण किती यायचं होतं हे आधीच माहीत असतं, कमी आलं तर लगेच पकडता येतं. तुझे डबे लांबी पाठवत नाहीत. 'संपलं की संपलं' असा त्यांचा कारभार. तिथे हे बटण म्हणजे धुराचा वास येतो म्हणून नाकाला पदर लावणं.

आधी डोळ्यांनी बघ, मग हात घाल. 'एसएस' ही कमांड दे, मागे टी, ए, एन ही अक्षरं लाव, आणि नुसत्या अवस्था मोज. 'क्लोज वेट' शेकड्याने दिसले, तर समोरची पाहुणी गेलेली आहे, तिचा फिन पोचलेला आहे, आणि तूच तिचं पान मांडून, दिवा लावून बसली आहेस. या अवस्थेला मुदत नसते बरं का. कर्नल आपणहून ती आवरत नाही, तो वाट बघत बसतो, की मालकीणबाई कधी उठतील. 'टाइम वेट' दिसले तर घाबरू नकोस. ती बंद झाल्यानंतरची साठ सेकंदांची विश्रांती आहे, रीतसर आहे. मी पहिल्या नोकरीत दोन दिवस टाइम वेटच्या मागे धावले होते आणि क्लोज वेटकडे बघितलंही नव्हतं. दोन दिवस! शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडे दयेने बघायची. मला वाटायचं, माझी साडी कुठे अडकली की काय.

नेटवर्कवरचा माल पकडून बघायचा असेल तर एक लक्षात ठेव. टीएलएस 1.2 मध्ये निरोपाच्या पाकिटावर बाहेरून 21 असा प्रकार दिसतो, तेव्हा ओळखता येतं. टीएलएस 1.3 मध्ये सगळीच पाकिटं बाहेरून सारखी, 23. मग ओळखायचं कसं? फिनच्या आधी शेवटचं एक चिमुकलं पाकीट बघ, सगळं धरून 24 बाइटांचं. दोन बाइटांचा निरोप, वर वेष्टन. ते असेल तर बहुतेक निरोप दिलाय. तुझ्या डब्यांकडून ते दिसणार नाही, पैज.

आता दुरुस्ती. सर्व्हरच्या बाजूला बाहेर पडायच्या वाटा किती आहेत, ते कागदावर लिही. नीट संपलं, चूक आली, वेळ संपली, हँडशेकच झाला नाही. चार निघतील, कदाचित पाच. या सगळ्या वाटा एकाच मोरीशी आण. एकच 'आवरा' नावाचं फंक्शन, त्यात आधी टीएलएसचा निरोप, मग एसएसएल फ्री, मग सॉकेट बंद. कुठल्याही वाटेने आलीस तरी पाय तिथेच धुवायचे. फक्त एक अपवाद. मोठी चूक होऊन आली असशील, म्हणजे टीएलएसचीच किंवा सिस्टीमची, तर निरोप देऊ नकोस, सरळ बंद कर. ओपनएसएसएलने तसं सांगूनच ठेवलंय. भांडण होऊन तुटल्यावर 'येते हं' कशाला?

एसएसएल शटडाउन हे फंक्शन एकदा बोलावलं की तुला शून्य परत मिळतो. इथे मी काय केलं होतं, ते सांगते, हस पोटभर. शून्य म्हणजे 'माझं बोलून झालं, समोरून अजून उत्तर नाही.' एक म्हणजे दोघांचंही झालं. उणे म्हणजे चूक, किंवा नुसतं 'थांब जरा, अजून वाचायला किंवा लिहायला मिळालं नाही'. मी वाचलं, शून्य म्हणजे पुन्हा बोलवा. मग मी लूप लावला. एक येईपर्यंत बोलवत राहायचं. शुक्रवारी संध्याकाळी ते बसवलं आणि घरी येऊन कढीला फोडणी दिली. समोर एक असं यंत्र होतं, जे कधीच 'सावकाश जा' म्हणत नसे. माझा प्रोग्राम त्याच्या दारात उभा राहून 'येते हं, येते हं, येते हं' करत राहिला, सगळा सीपीयू खाऊन. बाकीचे चारशे पाहुणे रांगेत. फोन आला तेव्हा कढी फुटली होती आणि आमच्या घरात कोणी अक्षर न काढता ती प्यायली. त्या रात्री शिकले ते हे, की निरोप द्यायचा, उत्तराची थोडी वाट बघायची, दोन सेकंद, फार तर पाच, आणि नाही आलं तर निमूट फाटक लावून निघायचं. तू निरोप दिलास की तुझं कर्तव्य झालं. उत्तरासाठी थांबलंच पाहिजे असं टीएलएसचा नियमही म्हणत नाही. पायथनवाल्यांनीही त्यांच्या असिंकआयओ मध्ये 3.11 पासून याला वेगळी मुदत देता येईल अशी सोय केली, नेमून दिलेली तीस सेकंदं. म्हणजे दारात ताटकळणारी मी एकटी नव्हते.

डब्यांच्या बाजूला काम त्याहून थोडं. त्यात एमबेड टीएलएस आहे असं तू म्हणालीस. सॉकेट बंद करण्याआधी त्याचं क्लोज नोटिफाय चं फंक्शन बोलव, एक ओळ. पण तेवढ्यावर थांबू नकोस. टीएलएस 1.3 असेल तर सर्व्हर हँडशेकनंतर डब्याच्या हातात दोन तिकिटं ठेवतो, पुढच्या वेळी लवकर आत यायला. डबा ती वाचतच नाही, माप टाकतो आणि पळतो. न वाचलेला माल पेटीत ठेवून दार लावलं, की टीसीपी फिनऐवजी रीसेट पाठवतं, म्हणजे दार आपटून जाणं. आणि रीसेट आला की सर्व्हरने अजून न वाचलेलं मापही कधी कधी त्यात जातं. म्हणून सर्व्हरने 'मिळालं' असा एक शब्द परत द्यावा, डब्याने तो वाचावा, मग निरोप. त्या निमित्ताने तिकिटंही वाचली जातात. आणि मापाच्या पुढे त्याची लांबी लिही गं. दोन बाइट. एवढं केलंस ना, तर मला पुन्हा पहाटे उठवणार नाहीस.

एक राहिलं, आणि ते आपल्याकडचंच आहे. लाइन गेली तर? डबा निरोप देत नाही, फिन देत नाही, रीसेट देत नाही. मेला की मेला. सर्व्हरला ते कनेक्शन अजून चालू दिसतं, क्लोज वेटमध्येही येत नाही. टीसीपीची 'जिवंत आहेस का' विचारायची सोय मुद्दाम चालू करावी लागते, आणि केलीस तरी लिनक्सवर ती पहिला प्रश्न दोन तासांनी विचारते, 7200 सेकंद. दोन तासांत आपल्याकडे लाइन तीनदा जाऊन चारदा येते. म्हणून वाचायला स्वतःची मुदत लाव. मिनिटाला एक माप येतं ना? नव्वद सेकंद काही आलं नाही, की आवर. पुण्यातल्या माझ्या टीमला हे सुचायला वेळ लागला होता, तिथे इन्व्हर्टर आहे. तुला लगेच पटेल.

बसवण्याआधी मोडून बघ. चाचणीचा क्लायंट चालू असताना त्याला किल उणे नऊ ने मार, म्हणजे फिन जाईल पण टीएलएसचा निरोप जाणार नाही. मग क्लायंटच्या वायफायचं बटण बंद कर, म्हणजे काहीच जाणार नाही. मग एका क्लायंटला निरोप द्यायला लाव आणि उत्तर न वाचता झोपव. तिन्ही वेळा सर्व्हरच्या प्रोसेसचे उघडे सॉकेट मोज. आधी जेवढे, नंतर तेवढेच, एकही जास्त नको. दोनशे वेळा कर, एकदा नको. मी एकदाच करायचे आणि 'झालं' म्हणायचे. माझी सासू डाळ शिजली का हे एकच दाणा दाबून बघायला लागली की मला अजून तेच आठवतं.

साहेबांना काय सांगायचं याची तुला जास्त धास्ती आहे, मला माहीत आहे. 'मुलगी घरून काम करते म्हणून असं होतं' असं कोणी म्हणेल, ही भीती. तर मेल लिहिताना माफीने सुरुवात करू नकोस. आकड्याने कर. 'दर तासाला 180 कनेक्शन उघडी राहत होती, 1024 वर मर्यादा आहे, कारण सापडलं, दुरुस्ती आज बसवते.' चार ओळी. जुन्या मुलाचं नाव घेऊ नकोस. त्याच्या वेळच्या लायब्ररीत ते चालून गेलं होतं, त्याचा दोष नाही, आणि उद्या तुझ्याही कोडवर कोणीतरी बसेलच. आणि ते रात्री बाराचं रीस्टार्ट लगेच काढू नकोस. दुरुस्ती बसव, रीस्टार्ट थांबव, पण ती ओळ पुसू नको, नुसती टिप्पणीत टाक. दोन रात्री नीट गेल्या की मग पूस.

आता झोप जरा. आईला सांग, ताईने सांगितलंय, दुपारपर्यंत उठवायचं नाही. संध्याकाळी हात घाल, पहिल्यांदा फक्त ती 'आवरा'ची मोरी बांध, डब्यांचं उद्या. आणि परवा पहाटे पावणेसहाला मेसेज नको, साडेसातला फोन कर. क्लोज वेट किती ते आधी सांगायचं, बाकी गप्पा नंतर.